शिकाऊ पेंटय्या

साखर पेठेतला गाजूल कारखाना पाडला
तेव्हा रद्दीवाल्याने किलोवर उचललेल्या वह्यांत
एक वही आमच्या आडनावाची निघाली.
त्याने बाजूला ठेवली. म्हणाला,
तुमचीच दिसती की, चहाचे तेवढे द्या.

पुठ्ठ्यावर बाळबोध, आत सगळं मोडी.
वळसंगकर मास्तरांनी पानामागे वीस रुपये घेऊन,
भिंग लावून,
तिसऱ्या संध्याकाळी बोट टेकवलं:

शके अठराशे चौतीस, मार्गशीर्ष.
शिकाऊ पेंटय्या. वय अकरा, अदमासे.
मुदत पाच वर्षे. दोन वेळचे जेवण,
साली दोन धोतरे, दसऱ्याला टोपी.
पगार नाही.
धोटा फुटल्यास मुदत वाढेल.
बापाचे नाव, आणि पुढे कोरं.
आडनाव, तेही कोरं.
जामीन नरसव्वा, कांड्या भरते. तिची निशाणी: फुली.

आमच्या घरात वेगळं सांगतात.
मुत्तात करीमनगरकडून आला
बैलगाडीत स्वतःचा माग घालून,
कमरेला चांदीचा करदोडा,
आल्या आल्या चार माणसं हाताखाली ठेवली.
लग्नाच्या बोलणीत हे निघतंच.
राजमौळी काकाने तर परवा
बैलसुद्धा पांढरे करून टाकले.

वहीत बैल नाहीत.
पौष. कांड्या कमी.
माघ. पळाला.
माघ, चार दिवसांनी. होटगीहून धरून आणला. दोन महिने जास्त.
चैत्र. खळ प्यायला. ताकीद दिली.

इथे मास्तरांनी भिंग पुसलं.
खळ म्हणजे? सुताला लावायची, मी म्हटलं,
पिठाची पेज असते. उंदीर लागू नयेत म्हणून
तिच्यात मोरचूद घालतात.
दोन वेळचं जेवण वर लिहिलेलं होतंच.

आणि नाव.
पेंटा म्हणजे उकिरडा, मास्तर.
आधीची मुलं हाती लागली नाहीत
की पुढचं सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचे,
कुणा बाईने ओंजळभर कोंडा देऊन उचलायचं,
यमाला वाटावं, हे टाकाऊ आहे.
म्हणजे नरसव्वेची आधीची गेली असणार.
किंवा नरसव्वा ती कोंडा देणारी.
फुलीवरून ते कळत नाही.

माझे नायना कधी मागावर बसले नाहीत.
बत्तीस वर्षं विमा ऑफिसात फायली बांधल्या.
पण तुटलेली नाडी ते एका हाताने सांधायचे,
दोन बोटं, एक नख, थुंकी,
आणि गाठ कुठे पडली ते शोधून सापडायचं नाही.
मला शिकवताना चुकलं की
नखावर टिचकी मारायचे.
ती टिचकीही कुणीतरी त्यांना मारलेली,
त्याच्या आधी कुणीतरी त्याला.
त्या वहीत टिचक्यांचा हिशेब नाही.

शेवटची नोंद शके अठराशे चाळीस, ज्येष्ठ.
पेंटय्या सुटला.
मिलमध्ये लावून घ्यायला आडनाव विचारतात,
सबब कारखान्याचेच लिहून दिले.

एवढंच.
चादरीच्या कोपऱ्यावर मारतात तसा शिक्का,
आणि आम्ही चार पिढ्या तो
पत्रिकांवर सोनेरी छापत आलो.

रात्री काकाला फोन केला.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग: करदोडा?
नाही, काका.
बैल तरी?
नाही.
परत पंखा.
मग म्हणाला, होटगीपर्यंत गेलता? चालत?
चालतच असेल.
अकरा वर्षांचं पोरगं, माघातल्या थंडीत?
हो.

आता पाहुणे आले की काका होटगी सांगतो.
दिवाळीपर्यंत ती
गुलबर्ग्याला पोचली होती.